लाटण्याच्या दोन मुठी

वैशाख संपत आला होता आणि मी परतूरच्या घराच्या गच्चीवर कुरडया उलट्या करत होते. खाली फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. जिना उतरून उचलला तर पलीकडे महेश, माझ्या भावाचा मुलगा. म्हणाला, "आत्या, आई गेली." मी विचारलं, "कुठं, धावड्याला?" ... कारण वहिनी अशीच गावी जायची. वारा सुटला की जालन्याच्या घरातला स्वयंपाक आटोपून ती निघायची, भोकरदनची एसटी धरायची, आणि पोचल्यावर धावड्याहून कुणाकडून तरी निरोप धाडायची की मी इकडे आले आहे, दुपारचं वरण गरम करून घ्या. महेश म्हणाला, "नाही आत्या, इथेच, घरात." तेव्हा मला कळलं. छातीत दुखतंय म्हणाली, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत संपलं होतं.

प्रयागवहिनी, माझ्या थोरल्या भावाची, रंगनाथअण्णाची बायको. नणंद-भावजय म्हणून आम्ही रीतसर भांडलो, आणि भांडून झाल्यावर एकाच ताटात जेवलो. तिच्यावर मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. तिलाच ते आवडलं नसतं, कारण स्वतःचं कौतुक करायला ती दुसऱ्या कुणावर अवलंबून नव्हती. पण ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली. मथळा होता, 'फिरकी थांबली'. खाली मजकूर असा की जालन्याचे नामवंत पतंगबाज श्री. रंगनाथराव यांच्या धर्मपत्नी, ज्यांनी आयुष्यभर पतीची फिरकी समर्थपणे सांभाळली, त्यांचं अल्पशा आजाराने निधन झालं. तेराव्यानंतर जुन्या जालन्यात शोकसभा झाली तेव्हा तिच्या फोटोपुढे हार, उदबत्ती आणि मधोमध एक मोठी लाल फिरकी ठेवलेली. नवीकोरी, दुकानातून आणलेली, मांजासकट. पतंगप्रेमींच्या मंडळाचे अध्यक्ष बोलायला उठले, डोळे पुसले, आणि त्यांनी जाहीर केलं की येत्या संक्रांतीपासून वहिनींच्या स्मरणार्थ 'उत्कृष्ट फिरकी धरणारी महिला' म्हणून एक ढाल देण्यात येईल. लोकांनी माना डोलावल्या. अण्णानेही मान खाली घातली. मी सभेत गप्प बसले, कारण घर सुतकातून नुकतं उठलं होतं आणि चारचौघांत तमाशा नको होता. आता दीड महिना होऊन गेलाय, आषाढ लागलाय, वारा सुटलाय. आता मी गप्प बसणार नाही.

ज्यांना पतंगातलं कळत नाही त्यांच्यासाठी आधी फिरकी म्हणजे काय ते सांगते. आमच्या गल्लीत संक्रांतीला प्रत्येक गच्चीवर दोन माणसं असायची. एक पुढे, आकाशाकडे तोंड करून पतंग उडवणारा, पेच लावणारा, 'काटा' म्हणून ओरडणारा. आणि दुसरं माणूस त्याच्या मागे, दोन हातांत फिरकी धरून उभं, पुढचा 'ढील' म्हणाला की मांजा सोडायचा आणि 'गुंडाळ' म्हणाला की गुंडाळायचा. पुढचा नेहमी पुरुष. मागचं माणूस बहीण, नाहीतर बायको. लग्न होईपर्यंत अण्णाची फिरकी मी धरली. मला त्या सणाचं आठवतं ते एवढंच की भावाची पाठ दिसायची आणि मान वर करून पतंग बघायला गेलं की ओरडा बसायचा, कारण फिरकी तिरकी झाली की मांजा अडकतो. अण्णा मोठा पेचबाज होता, यात शंका नाही. जुन्या जालन्यात त्याचं छत्र्यांचं आणि कापडाचं दुकान होतं, पण त्याला लोक ओळखायचे ते काटाकाटीवरून.

वहिनी लग्न होऊन आली ती एक्याऐंशी साली. पहिली संक्रांत, नवी नवरी, काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने. तिला गच्चीवर नेऊन अण्णाने तिच्या हातात फिरकी दिली आणि मी सुटले म्हणून मनात देवाचे आभार मानले. थोडा वेळ तिने धरली. मग तिने इकडेतिकडे बघितलं, गच्चीच्या कठड्यापाशी कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी भिंतीत एक लाकडी खुंटी ठोकलेली होती, तिच्यावर फिरकीची दांडी अडकवली आणि हात झटकले. फिरकी तिथे छान फिरायला लागली. अण्णाने वळून बघितलं तर बायको तिळगूळ खात उभी. शेजारच्या गच्च्या बघत होत्या. तो दबक्या आवाजात काय चाललंय म्हणाला, तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "हे काम खुंटीचं हाय. माणसाला कशाला उभं करून राह्यले?" आणि जिना उतरून खाली गेली. त्यानंतर अण्णा पतंग उडवत असताना तिने फिरकी कधी धरली नाही. एकदाही नाही. तिच्या नावाने आता फिरकीची ढाल निघतेय.

आमचं मूळ गाव धावडा. आमच्या आणि तिच्या, दोन्ही घरांत आजोबांपर्यंत मेंढरं होती, मग शेती आली. आमच्या शेताच्या मागे मुरमाड माळ आहे, तिथे पेरणीच्या दिवसांत जो वारा येतो तो माणसाला बोलू देत नाही; तोंड उघडलं की शब्द मागच्या मागे जातो. त्या दिवसांत कुणी पतंग उडवत नाही. कागद टिकत नाही, कामटी मोडते. पतंग संक्रांतीचा, आषाढात तो बासनात, असाच रिवाज. पण एका आषाढात बियाण्याच्या एका कंपनीचे लोक शेजारच्या शिवारात प्लॉट बघायला आले आणि त्यांच्याबरोबर एक गोरा पाहुणा होता. त्याने संध्याकाळी पिशवीतून एक वस्तू काढली. कापडाचा तिकोनी पतंग, पसरलेल्या पंखांचा, शेपूट नाही. आणि त्याला एक नाही, दोन दोऱ्या. एक डाव्या पंखाला, एक उजव्या पंखाला. प्रत्येक दोरीच्या टोकाला एक मूठ. फिरकी नाहीच. दोऱ्या जेवढ्या लांब तेवढ्याच. सोडायच्या नाहीत की गुंडाळायच्या नाहीत. उडवणारा एकटा, दोन्ही हात गुंतलेले. तो पतंग वाऱ्यात कापल्यासारखा आवाज करत उजवीकडे धावला, गिरकी घेऊन डावीकडे आला, जमिनीच्या हातभर वर आडवा पळाला आणि पुन्हा सरळ वर. गावातली माणसं तोंड उघडं ठेवून बघत राहिली.

साहजिकच कुणीतरी म्हणालं, आमचा रंगनाथ जालन्याचा पेचबाज आहे, त्याला द्या. अण्णा ऐटीत पुढे झाला. आणि जन्मभराची सवय नडली. एका दोरीचा पतंग गोते खायला लागला की ढील द्यायची, हे त्याच्या हाडात भिनलेलं. इथे पतंग डावीकडे वळला की तो घाबरून उजवा हात ढिला सोडायचा, त्यामुळे तो आणखी डावीकडे वळून नाकावर जमिनीत घुसायचा. तीनदा घुसला. चौथ्या वेळी अण्णाने चिडून दोन्ही हात ओढले तर वाऱ्याने त्याला गुडघ्यांवर आणलं. वहिनी पाहुण्यांसाठी चहाची किटली घेऊन आली होती. ती हसली. दबून नाही, मोठ्याने हसली. किटली खाली ठेवून पदर खोचत म्हणाली, "अवो, हे तर कासरे हायेत. बैल डावीकडं चालला तर उजवा कासरा सोडता का तुम्ही?"

माहेरी ती बैलगाडी हाकायची. बापाला मुलगा नव्हता, भोकरदनच्या बाजारापर्यंत गाडी हीच न्यायची. दोन हातांत दोन कासरे धरायचे, उजवा ओढला की बैल उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे, आणि दोन्ही सारखे धरले की सरळ. तिने मुठी हातात घेतल्या आणि पतंग पहिल्याच झटक्यात वर गेला. आकाशात वेडावाकडा फिरला, पण पडला नाही. पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. गावातल्या माणसांनी अण्णाकडे बघितलं. माझा राग तिथूनच सुरू होतो, कारण बाई उडवते आहे हे सगळ्यांना दिसत असताना प्रत्येक जण नवऱ्याचं तोंड बघत होता, त्याला कसं वाटतंय ते. अण्णा हसला हे खरं. त्याला कौतुकही वाटलं असावं. पण त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "आज वारं बराबर न्हवतं."

पाहुणा जाताना पतंग घेऊन गेला. वहिनीने तो डोळ्यांत भरून ठेवला होता. महिनाभराने आईने, म्हणजे तिच्या सासूने, पोळ्या करायला घेतल्या तर लाटणं मिळेना. शोधता शोधता ते माळवदावर सापडलं, करवतीने मधोमध कापलेलं, दोन तुकडे, प्रत्येकाला दोरी बसायला खाच पाडलेली. आईने घर डोक्यावर घेतलं. सणाला पोळ्या कशाने लाटू, तुझ्या पतंगाने लाटू का, असं दोन दिवस चाललं होतं. वहिनी शांतपणे म्हणाली की नवं लाटणं आठवडी बाजारात मिळतं, अशा मुठी मिळत नाहीत. दुकानातल्या छत्रीच्या कापडाच्या कतरणीतून तिने पंख शिवले. आधी बांबूच्या कामट्या घातल्या, त्या मोडल्या; मग छत्रीच्या काड्या घातल्या, त्या जड झाल्या आणि वाकल्या; कितीतरी वर्षांनी महेश पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याने फायबरच्या काड्या आणल्या. दोरी मात्र पहिल्यापासून गवंड्याची, ओळंब्याची. मांज्याला तिने हात लावला नाही. ज्याने दुसऱ्याचं काहीतरी कापायचं असतं तो खेळच तिला मान्य नव्हता, आणि हे ती काटाकाटीत नाव कमावलेल्या नवऱ्याच्या घरात बसून सांगायची.

तिचे तीन पतंग होते आणि त्यांना ती दिरांसारखं थोरला, मधला, धाकटा म्हणायची. थोरला अंगापिंडाने मोठा, मंद वाऱ्याचा. मधला नेहमीचा. धाकटा अगदी लहान, आणि त्याच्या पंखांत कापड कापून तिथे मच्छरदाणीची जाळी बसवलेली, म्हणजे जास्तीचा वारा आरपार निघून जाईल. सगळ्यांची समजूत उलटी. वारा मोठा तर पतंग मोठा आणा, असं येणारा प्रत्येक पुरुष तिला शिकवून जायचा. ती म्हणायची, मोठ्या वाऱ्यात मोठा पतंग नेलात तर तुम्ही त्याला उडवत नाही, तो तुम्हाला नेतो. माळाच्या कडेला कडुलिंबाचं झाड आहे. त्याची पानं पालथी पडून पांढरट दिसायला लागली की थोरला घरी राहायचा, मधलाही घरी, आणि धाकटा बाहेर निघायचा. मग ती पतंगाच्या पोटावरच्या कन्नीची, म्हणजे जिथे दोरी बांधतात त्या बंधाची, गाठ बोटभर नाकाकडे सरकवायची, त्याने ओढ कमी होते. दोन्ही दोऱ्या लिंबाच्या बुंध्याला बांधून ताणून बघायची, एक जरी चार बोटं लांब निघाली तरी पुन्हा गाठ मारायची. यात तिची चिकाटी बघण्यासारखी होती, नाहीतर स्वयंपाकघरात तिच्या हातून मीठ दोनदा पडायचं.

एकदा तिने मला उडवायला दिला. मी तेव्हा परतूरच्या शाळेत शिकवत होते, दोन लेकरांची आई होते, आणि आयुष्यभर दुसऱ्याची पाठ बघत फिरकी धरलेली होती. धाकटा समोर सरळ वर गेला आणि एकदम ओढ वाढली, हात खांद्यातून निघतात की काय असं वाटलं. मी मागे सरकायला लागले. वहिनी मागून ओरडली, "मागं नको, शकूबाई, फुडं चला. त्याच्याकडं चला. मंग वारा सैल पडतो." वारा अंगावर आला की माणूस मागे पळतं, आणि मागे पळालं की दोऱ्या आणखी ताणतात. मी पुढे चालले. खरंच ओढ कमी झाली. मी त्याला हळूहळू एका बाजूला, वाऱ्याचा जोर संपतो त्या कडेला नेलं, तिथे तो पाखरासारखा तरंगत राहिला. मी मान वर करून पतंग बघत होते आणि कुणी ओरडत नव्हतं ... मला रडू आलं ते मी वाऱ्यावर ढकललं. तिने ते बघितलं, आणि लगेच सांगितलं की माझ्या गिरक्या पाहुण्याच्या गिरक्यांपेक्षा गोल असतात, तुमच्या अजून अंड्यासारख्या आहेत. अशी ती होती. शिकवताना निम्मा वेळ स्वतःची तारीफ.

गावात बोलणारे बोललेच. रंगनाथच्या बायकोला वारं शिरलंय, घरदार सोडून माळावर नाचते, असं आईच्या कानावर घालायला बायका मुद्दाम येत. पुरुष समोर येऊन हसत. मात्र हळूहळू बाहेरगावची माणसं बघायला यायला लागली, आणि नव्वदीच्या सुमारास जालन्याच्या त्याच मंडळाने आषाढात गावाबाहेरच्या मैदानावर तिच्या पतंगाचा कार्यक्रम ठेवला. पत्रिकेत नाव अर्थातच अण्णाचं. मी परतूरहून मुद्दाम गेले होते. वहिनीने त्या दिवशी धाकट्याला असा नाचवला की शेंगदाणे विकणारासुद्धा गाडी सोडून आला. उडवून झालं, पतंग जमिनीवर बसला, आणि मग वर्तमानपत्राचा फोटोवाला आला.

तो म्हणाला, रंगनाथराव, तुम्ही त्या मुठी धरा. वहिनी, तुम्ही मागे उभ्या राहा. मग त्याला वाटलं की वहिनींचे हात रिकामे दिसतात, बरं दिसत नाही. कुणाकडून तरी एक फिरकी मागवली आणि तिच्या हातात दिली. ज्या पतंगाला फिरकी नसतेच, त्याच्या फोटोत फिरकी. मी अण्णाकडे बघत होते. एक वाक्य पुरे होतं, 'अरे बाबा, हिचा पतंग आहे, मुठी हिला दे.' अण्णाने मुठी घेतल्या. छाती काढली, आकाशाकडे बघितलं, जिथे काहीच नव्हतं. वहिनी त्याच्या मागे फिरकी धरून उभी राहिली, जशी तिने पहिल्या संक्रांतीला खुंटीला अडकवली होती. मी पुढे व्हायला लागले तर तिने मला नजरेने थांबवलं आणि म्हणाली, "धरू द्या त्यांना. फोटोला वारा लागत न्हाई."

लोक हसले. मीही तेव्हा ते विनोद म्हणून घेतलं. पण त्यानंतर तिने जालन्यात कधी पतंग उडवला नाही. मंडळाने बोलावलं, एकदा नाही, दरवर्षी बोलावलं. तिचं कधी डोकं दुखायचं, कधी पाहुणे यायचे. ती फक्त धावड्याला उडवायची, जिथे बघायला लिंबाचं झाड आणि दोन-चार शेळ्या. एवढं झोंबलं होतं तिला, आणि सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नवऱ्याची अब्रू गेली असती. त्या फोटोची चौकट करून अण्णाने दुकानात लावली. येणारी जाणारी माणसं वर्षानुवर्षं तो फोटो बघत छत्र्या घेऊन गेली. बातमीत आलेली फिरकी तिथूनच आली, शोकसभेतली फिरकी तिथूनच आली, आणि ढालही तिथूनच निघाली आहे. खरं तर ज्याला डोळे आहेत त्याने फोटो नीट बघावा. दोऱ्या अण्णाच्या गुडघ्यांपर्यंत लोंबताहेत. उडणाऱ्या पतंगाच्या दोऱ्या अशा लोंबत नसतात.

शोकसभेनंतर मी अध्यक्षांना गाठलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, ताई, भावना लक्षात घ्या, आम्ही वहिनींचा सन्मानच करतोय, फिरकीशिवाय पतंग नाही. मी म्हटलं, या पतंगाला फिरकी नाही. ते म्हणाले, म्हणजे एक प्रतीक म्हणून हो. मी अण्णाकडे आले. तू सांग, म्हटलं, तुझं ऐकतील. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाऊ दे ना, शके. गेलेल्या माणसाचं काय जातं त्यात?" मी म्हटलं, "तिचं काही जात न्हाई. तुझं जाईल म्हणून तू गप हायेस." भाऊ विधुर होऊन पंधरा दिवस झाले होते आणि मी त्याला असं बोलले. बोलले त्याचं मला वाईट वाटत नाही. परतूरची गाडी धरली आणि मी निघून आले.

मग गेल्या आठवड्यात अण्णाचाच फोन आला. मंडळाची माणसं धावड्याला येणार आहेत म्हणाला, त्यांच्या कचेरीत काचेचं कपाट केलंय, त्यात ठेवायला वहिनींची फिरकी हवी आहे, तू ये. मी गेले. दुपारी जीपमधून अध्यक्ष, आणखी चारपाच जण आणि एक वार्ताहर उतरले. वारा असा की टोप्या हातात. लिंबाची पानं पांढरी दिसत होती. चहा झाला, आणि अध्यक्षांनी हात जोडून वहिनींची फिरकी मागितली. अण्णा आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लाटण्याच्या त्या दोन मुठी होत्या, दोऱ्या गुंडाळलेल्या, आणि काखेत पतंग. म्हणाला, चला माळावर.

काखेतला पतंग थोरला होता. अठ्ठावीस वर्षं त्या बाईबरोबर संसार केला आणि त्या वाऱ्यात कुठला पतंग काढायचा हे माझ्या भावाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, अण्णा, धाकटा घे. तो म्हणाला, हाच असू दे. माळावर वार्ताहराने पतंग धरला, अण्णाने दोऱ्या ताणल्या, सोड म्हणाला. थोरला फडफडून वर गेला, वाऱ्याच्या मधोमध येऊन भरला, आणि अण्णाने जी चूक पहिल्या दिवशी केली होती तीच केली, दोन्ही हात पाठीमागे ओढले. वाऱ्याने त्याला उचलून पुढे आपटलं. गुडघ्यांवर, मग पोटावर, मुरमावरून तो ओढला गेला, आणि त्याने मुठी सोडल्या नाहीत. पतंग जमिनीत घुसून एक काडी मोडली तेव्हा थांबला. पायजमा फाटला होता, गुडघ्यातून रक्त येत होतं. त्याने उठायची घाई केली नाही. तसाच बसून सगळ्यांकडे बघत म्हणाला, "बघितलं? मला हे येत न्हाई. कधीच येत न्हवतं. हे तिचं व्हतं. मी निस्तं फोटोपुरतं धरलं व्हतं."

माझा सगळा राग त्या क्षणी पाण्यासारखा वाहून गेला. भावाच्या गुडघ्याला मी पदर बांधला. वाटलं, झालं, सुटलो सगळे ... पण तेवढ्यात अध्यक्षांनी अण्णाला हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "अण्णा, वहिनी गेल्या आणि तुमचा हातच गेला. मागं फिरकी धरणारं माणूस राहिलं नाही ना." बाकीच्यांनी माना डोलावल्या. वार्ताहराने लिहून घेतलं. अण्णाने आणखी दोनदा सांगितलं, बिलकुल सरळ शब्दांत सांगितलं, आणि दर वेळी त्यांना त्याचा मोठेपणा आणखी पटत गेला. दोन दिवसांनी छापून आलं की पत्नीच्या विरहाने खचलेल्या ज्येष्ठ पतंगबाजाला अश्रू अनावर झाले. रक्त अनावर झालं होतं, ते छापलं नाही. ढालीची ऑर्डर दिली गेली आहे म्हणे. वरती पितळी फिरकी आहे.

खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. या भल्या माणसांशी कसं भांडायचं मला समजत नाही. बाई उडवत होती, हजारांच्या डोळ्यांदेखत उडवत होती, तिचा नवरा रक्ताळलेल्या गुडघ्यांनी सांगतोय की तीच उडवत होती, आणि यांच्या डोळ्यांपुढे फिरकी ती फिरकीच. म्हणून हे लिहिलं. निदान ज्यांनी वाचलं त्यांनी तरी संक्रांतीला ती ढाल बघितली की मनात म्हणावं, हे तिचं नव्हे.

मी परतूरला निघाले तेव्हा अण्णाने मुठी माझ्या पिशवीत घातल्या. इथे ठेवल्या तर कपाटात नेऊन ठेवतील, म्हणाला. आता त्या माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या भिंतीवर लाकडी खुंटीला टांगल्या आहेत. डाव्या मुठीवर अजून लाटण्याचा गुळगुळीतपणा आहे, उजवी तिच्या तळव्याने काळी पडलेली. दोऱ्या अण्णाने माळावरून येऊन गुंडाळल्या तशाच आहेत, मी सोडवलेल्या नाहीत. संध्याकाळी वारा खिडकीतून आत आला की त्या भिंतीवर खट खट वाजतात, आणि मी सवयीने बाहेरच्या लिंबाकडे बघते, आज कुठला काढायचा ते. खुंटी जुनी आहे, पण पक्की आहे. दिवसरात्र धरून उभी असते, कधी हलत नाही, मान वर करून आकाशही बघत नाही. मंडळाला उत्कृष्ट धरण्याची ढाल द्यायचीच असेल तर परतूरला येऊन या खुंटीला द्यावी. ते काम तिचं आहे.